बाबा पदमनजी : आघात, श्रद्धा आणि ‘यमुनापर्यटन’

मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’पाशी थांबावेच लागते. मात्र बहुतेकांचे हे थांबणे एकाच प्रश्नापुरते असते : या पुस्तकाला पहिली मराठी कादंबरी म्हणावे की नाही? होकार देणारे प्रकाशनाच्या सालाकडे आणि समकालीन जीवनाच्या चित्रणाकडे बोट दाखवतात. नकार देणारे त्यातील धर्मप्रचाराकडे आणि कथानकाच्या विसविशीतपणाकडे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. त्याचा एक दुष्परिणाम असा झाला की, पुस्तकाच्या अग्रक्रमाची चर्चा करता करता ते कोणत्या अंतःस्थ प्रेरणेतून लिहिले गेले, याचा विचार मागे पडला. लेखक ख्रिस्ती होता, सुधारक होता, विधवांचा कैवारी होता, एवढे सांगितले की चरित्राचा भाग संपला असे मानण्याची आपल्याकडे रूढी आहे. प्रस्तुत लेखात बाबा पदमनजींच्या चरित्राकडे एका विशिष्ट अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. दारुण आघात सोसलेल्या माणसाला श्रद्धेच्या आधाराने पुन्हा उभे राहता येते का, आणि येत असेल तर कथाकाराने ते कसे सांगावे, हा प्रश्न बाबांच्या लेखनाच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर त्यांनी एकदा कल्पित कथेतून दिले, एकदा आत्मचरित्रातून. आणि ही दोन उत्तरे सारखी नाहीत.

बाबांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगावास, कासार ज्ञातीत झाला. मुळे हे त्यांचे आडनाव. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव, एवढीच त्यांची ओळख राहिली. वडील पदमनजी माणिकजी सरकारी नोकरीत होते. घर संपन्न नसले तरी खाऊनपिऊन सुखी होते, आणि पूर्णपणे श्रद्धाळू होते. कुलाचार, व्रते, पूजा, पुराणश्रवण यांच्या वातावरणात बाबांचे बालपण गेले. पुढे त्यांनी या धर्माचरणावर कठोर टीका केली, पण ती बाहेरून आलेल्याची टीका नव्हती. देवापुढे बसण्याची गोडी, कथाश्रवणाची ओढ, पापाचे भय, हे सारे त्यांनी लहानपणी मनापासून अनुभवले होते. धर्म बदलला तरी हे मन बदलले नाही, असे त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखन वाचताना वारंवार वाटते.

बेळगाव हे तेव्हा मराठी आणि कानडी या दोन भाषांचे गाव. पेशवाई बुडाल्यावर तेथे इंग्रजांची छावणी आली आणि १८२० पासून लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले. टेलर आणि बेनन या मिशनऱ्यांची नावे बेळगावच्या शिक्षणाच्या इतिहासात कायमची जोडली गेली आहेत. बाबांचे इंग्रजी शिक्षण मिशनच्या शाळेत झाले. घरी पुराण आणि शाळेत बायबल, असा तो दुहेरी संस्कार होता. अशा मुलांची संख्या त्या काळात कमी नव्हती. त्यांपैकी बहुतेकांनी शाळेतले शाळेत आणि घरातले घरात ठेवले. बाबांना ही विभागणी साधली नाही.

शिक्षणासाठी ते मुंबईस आले. प्रथम एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि नंतर फ्री चर्चची शाळा, हा त्यांचा प्रवास केवळ एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा नव्हता. एल्फिन्स्टनमध्ये धर्मनिरपेक्ष विद्या मिळे. फ्री चर्चच्या शाळेत विद्येबरोबर धर्मही शिकवला जाई. तेथे मरे मिचेल यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. मुंबईतील धर्मजिज्ञासेचे वातावरण तेव्हा तापलेले होते. १८३९ मध्ये पारशी तरुणांच्या धर्मांतराने शहर ढवळून निघाले होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा वडिलांच्या स्वाधीन झाला आणि त्याला ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्रह्मवृंदात रणे माजली. एका मुलाच्या धर्मांतराने घरावर काय कोसळते, हे मुंबईतल्या प्रत्येक सुशिक्षित तरुणाने डोळ्यांनी पाहिले होते. बाबा या साऱ्याच्या मागोमाग मुंबईत आले. आपण कोणत्या वाटेला लागलो आहोत आणि तिचे मोल काय, याची कल्पना त्यांना पहिल्यापासून होती असे मानायला हरकत नाही.

याच काळात ते परमहंस सभेत दाखल झाले. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त मंडळीत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण यांच्यासारखी माणसे होती. जातिभेद मोडणे, मूर्तिपूजा सोडणे, एकेश्वराची प्रार्थना करणे ही तिची तत्त्वे. पण हे सर्व बंद दाराआड. परजातीच्या हातचे अन्न खावे आणि ही गोष्ट बाहेर कोणाला कळू देऊ नये, असा तो व्यवहार होता. या सभेविषयी आज आपल्याला जी आतली माहिती आहे, तिचा बराचसा भाग बाबांच्या आत्मचरित्रातूनच आला आहे. बाबांना सभेची तत्त्वे पटली. तिची गुप्तता पटली नाही. ज्यासाठी घर सोडण्याची तयारी नाही ते मत माणसाला संकटात आधार देऊ शकत नाही, असा काहीसा निष्कर्ष त्यांनी त्या अनुभवातून काढलेला दिसतो. सभेची दप्तरे पुढे चोरीस गेली, सभासदांची नावे फुटण्याची वेळ आली आणि १८६० च्या सुमारास ती मंडळी विरून गेली. तेव्हा बाबांना ती सोडून बरीच वर्षे झाली होती.

त्यांच्या धर्मांतरात नाट्य कमी आणि तगमग अधिक आहे. बुद्धीने निर्णय झाल्यावरही प्रत्यक्ष बाप्तिस्म्याला बराच काळ लागला. वडिलांचे प्रेम, त्यांचा विरोध, ज्ञातीचा धाक, स्वतःच्या निश्चयाविषयी वेळोवेळी येणारी शंका, या सगळ्यांत ते हेलकावे खात राहिले. अखेर सप्टेंबर १८५४ मध्ये त्यांनी बेळगावास, म्हणजे ज्या गावात त्यांना सारे ओळखत होते त्याच गावात, बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत ते अधिक सोपे झाले असते. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. परंतु वडिलांच्या पंक्तीला बसण्याचा हक्क कोणताही कायदा देऊ शकत नव्हता. त्या काळच्या धर्मांतरिताला जिवंतपणीच आप्तांच्या लेखी मृत व्हावे लागे. त्याच्या नावाने घरात सुतक पाळल्याची उदाहरणे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत.

या वस्तुस्थितीकडे ‘यमुनापर्यटन’च्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. बाप्तिस्म्यानंतर अवघ्या तीन वर्षांत बाबांनी हे पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. घर तुटल्याची जखम ताजी असताना या तरुणाने जिचे घर एका क्षणात तुटते अशा स्त्रीची कथा लिहावी, हा निव्वळ योगायोग नसावा. विधवा आणि धर्मांतरित यांच्या स्थितीत त्या समाजात एक विलक्षण साम्य होते : दोघेही घरात असून घराबाहेर, पंक्तीबाहेर, मंगल कार्याबाहेर. फरक एवढाच की, धर्मांतरिताने ही अवस्था स्वतः निवडलेली असे, आणि विधवेवर ती लादलेली असे.

अर्थात विधवांचा प्रश्न बाबांना या कथेपूर्वीही नवा नव्हता. ‘स्त्रीविद्याभ्यासनिबंध’ हा त्यांचा निबंध १८५२ चा. म्हणजे स्त्रियांच्या स्थितीविषयीची आस्था ही धर्मांतराच्या आधीची. जुलै १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा संमत झाला. कायद्याने पुनर्विवाह वैध ठरला, तरी महाराष्ट्रात त्याचे दृश्य फळ दिसायला वेळ लागणार होता. विष्णुशास्त्री पंडित यांच्या प्रयत्नाने गाजलेला पुनर्विवाह झाला तो १८६९ मध्ये. मधल्या काळात हा प्रश्न वृत्तपत्रांतून, शास्त्रार्थांतून आणि व्याख्यानांतून लढवला जात होता. पराशरस्मृतीचा अर्थ काय, कलिवर्ज्य प्रकरण प्रमाण की अप्रमाण, हे वाद करणारे सर्व पुरुष होते. ज्या स्त्रियांविषयी हा वाद चालला होता त्यांना काय वाटते, हे विचारण्याची त्यात सोय नव्हती.

१८५७ याच साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात धर्माविषयी जाहीर वादविवाद झाले. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत ते चालले आणि त्यांना मोठी गर्दी जमे. एकीकडे वाळूवर उभे राहून प्रमाणांना प्रमाणे भिडवली जात असताना बाबा पदमनजींनी वादाची वाट सोडून कथेची वाट धरली, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मोलाची आहे. खंडनमंडन त्यांना येत नव्हते असे मुळीच नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी ते विपुल केले. पण दुःखाला प्रमाणांनी उत्तर देता येत नाही, हे निदान या एका पुस्तकापुरते त्यांना उमगले होते.

पुस्तकाच्या मथळ्यातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा हेतू सांगितला आहे. कथासूत्र साधे आहे. यमुना ही शिकलेली तरुणी आणि विनायक हा तिचा समंजस, सुशिक्षित पती. दोघांच्याही मनाचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे. ही दोघे प्रवासाला निघतात. वाटेत ठिकठिकाणी त्यांना विधवांच्या कहाण्या पाहायला आणि ऐकायला मिळतात. या प्रसंगांची माळ म्हणजेच कादंबरीचा बराचसा भाग. पुढे विनायकाचा अकाली मृत्यू होतो. आतापर्यंत जे यमुनेने इतरांच्या बाबतीत पाहिले ते तिच्याच वाट्याला येते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी तिचा पुनर्विवाह होतो.

‘पर्यटन’ या शब्दाची योजना येथे लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या परंपरेत शोक झालेल्या माणसासाठी, विशेषतः विधवेसाठी, तीर्थयात्रा हा सांत्वनाचा रूढ मार्ग. बाबांची नायिकाही प्रवास करते. पण तिचा प्रवास वैधव्याच्या आधी आहे आणि तिला वाटेत भेटतात ती दुःखे. या रचनेमागे जॉन बन्यनच्या रूपककथेचा संस्कार असणे शक्य आहे. हरि केशवजींनी केलेला तिचा मराठी अनुवाद ‘यात्रिकक्रमण’ १८४१ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि मिशनच्या वाचकवर्गात तो परिचित होता. मात्र बन्यनचा यात्रेकरू ज्या दलदलीतून आणि दऱ्यांतून जातो त्या रूपकाच्या आहेत. यमुना आणि विनायक खऱ्या मराठी मुलखातून जातात. रूपकाकडून वास्तवाकडे झालेले हे स्थलांतर, कादंबरी या प्रकाराच्या दृष्टीने, सालाच्या अग्रक्रमापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते. बंगालीत हॅना कॅथरिन मलेन्स यांची ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ ही ख्रिस्ती कथा १८५२ मध्ये निघाली होती. तिची पात्रे आधीच ख्रिस्ती झालेल्या समाजातील आहेत. बाबांनी मात्र हिंदू घरांचे दरवाजे उघडले, आणि त्या घरांच्या आतून आलेला माणूस ज्या बारकाईने पाहू शकतो त्या बारकाईने पाहिले.

पुस्तकातला धर्मविचार पुष्कळांना केवळ मिशनरी साच्याचा वाटतो. तसा तो अनेक ठिकाणी आहेही. संवाद लांबतात, पात्रे लेखकाची मते बोलू लागतात, कथा उभी राहते न राहते तोच प्रवचन सुरू होते. पण त्या साच्याखाली एक खरा प्रश्न आहे. विधवेला त्या समाजात सर्वांत मोठी जखम होत असे ती पतीच्या मृत्यूने नव्हे, त्या मृत्यूच्या स्पष्टीकरणाने. पूर्वजन्मीच्या पापाचे हे फळ, नवऱ्याला खाऊन बसली, पांढऱ्या पायाची, ही सारी स्पष्टीकरणे शोकाला अपराधाची जोड देत. ज्याचे प्रेत अजून दारात आहे त्याच्या मरणाचा दोष जी रडते आहे तिच्याच माथी. केशवपन हा त्या दोषारोपाचा देहावर उमटवलेला शिक्का. जेथे ही रूढी होती तेथे ती प्रामुख्याने ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत होती. पण अपशकुनी ठरवले जाण्यातून फारच थोड्या जातींच्या विधवा सुटत. शुभवर्तमानात जन्मांध माणसाच्या प्रसंगी येशू, हे कोणाच्या पापाचे फळ, हा शिष्यांचा प्रश्नच बाजूला सारतो. त्या प्रसंगाचा मराठी घरातला अर्थ काय होऊ शकतो, याचा शोध म्हणजे ‘यमुनापर्यटन’ असे एका मर्यादेत म्हणता येईल. श्रद्धा यमुनेला आधी काय देते? तिच्या दुःखाचा दोष तिच्यावरून काढून घेते. सांत्वन त्यानंतरचे.

येथवर बाबांची दृष्टी अचूक आहे. दोष आहे तो पुढे. यमुनेला त्यांनी आघातापूर्वीच श्रद्धावान करून ठेवले आहे. त्यामुळे विनायकाच्या मृत्यूने तिचे जग कोसळले तरी तिचा देव कोसळत नाही; तिच्या मनात ईश्वराविषयी जाब विचारणारा, कडवट, निरुत्तर करणारा प्रश्न उभा राहायला लेखक वावच ठेवत नाही. बायबलमध्ये ईयोबाच्या ग्रंथात जी बंडखोर विलापाची परंपरा आहे, ती बाबांना माहीत नसणे अशक्य. पण नायिकेच्या तोंडी ती घालण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. नवदीक्षित लेखकाला आपल्या श्रद्धेत पडणाऱ्या भेगा दाखवणे परवडण्यासारखे नसते, हे समजून घेता येते. त्यावर पुनर्विवाहाचा सुखान्त. वैधव्याचा उपाय म्हणून तो योग्यच. १८५७ साली तो सुचवणे धाडसाचे होते. परंतु सामाजिक प्रश्नाचे उत्तर आणि शोकाचे उत्तर यांत लेखकाने गल्लत केली आहे. दुसरा पती मिळाला म्हणून पहिल्याचे मरण भरून येत नाही, ही साधी गोष्ट कथेत कोठे जाणवत नाही.

गंमत अशी की, ज्या विधवांना लेखकाने केवळ उदाहरणे म्हणून वाटेवर उभे केले, त्यांच्यापाशी हे होत नाही. त्यांना ना बाप्तिस्मा, ना पुनर्विवाह. यमुना आणि विनायक त्यांचे ऐकून घेतात, हळहळतात आणि पुढे जातात. त्या तेथेच राहतात. त्यांच्या कहाण्या अपुऱ्या आहेत आणि त्या अपुरेपणातच त्यांचे सत्य आहे. कादंबरी म्हणून विसविशीत ठरवल्या गेलेल्या याच प्रसंगमालेमुळे पुस्तक आजही वाचवते. सहा वर्षांनी, १८६३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच वाटेवर राहून गेलेल्या स्त्रियांसाठी होते.

‘यमुनापर्यटन’नंतर बाबा कादंबरीकडे वळून फारसे रमले नाहीत. मराठी कादंबरीही दुसऱ्या वाटेने गेली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबूडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजवाडे, विरह, अद्भुत संकटे आणि त्यांतून सुटका यांचा तो काळ. समकालीन घरातले दुःख पुन्हा कादंबरीत यायला तीन दशके जावी लागली.

बाबांचे उरलेले आयुष्य अखंड उद्योगाचे आहे. चरित्रकाराने त्याची नुसती यादी द्यायची म्हटली तरी पाने भरतील. पुण्यास फ्री चर्च मिशनच्या शाळेत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले, पुढे पाळकपदाची दीक्षा घेतली, आणि नंतर मुंबईत ट्रॅक्ट आणि बायबल सोसायट्यांच्या ग्रंथकार्याला वाहून घेतले. ‘शब्दरत्नावली’ (१८६०) आणि मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप (१८६३) ही त्यांची कोशरचना भाषाभ्यासकांना परिचित आहे. नियतकालिकांचे संपादन, इतिहासाची पुस्तके, नव्या करारावरील टीका, तुलनात्मक धर्मविचार, लहान मुलांसाठी पुस्तके, अशी शंभरांहून अधिक लहानमोठी पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यांतील पुष्कळसे लेखन प्रासंगिक आणि वादग्रस्त आहे. हिंदू देवदेवतांवरील त्यांची टीका अनेकदा अकारण झोंबणारी आहे, आणि ज्या सहानुभूतीने त्यांनी विधवांच्या कहाण्या ऐकल्या ती सहानुभूती वाद घालताना त्यांना सोडून जाते. के. सी. कऱ्हाडकर यांनी बाबांच्या काळाचा आणि कर्तृत्वाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. जिज्ञासूंनी या पसाऱ्यासाठी तो पाहावा. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे पुस्तक एकच, आणि ते कल्पित नाही.

‘अरुणोदय’ हे बाबांचे आत्मचरित्र १८८० च्या दशकात प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंगांनी आपले आत्मचरित्र त्याच्या कितीतरी आधी लिहिले असले तरी ते १९४७ पर्यंत अप्रकाशित राहिले. त्यामुळे मराठीत प्रथम छापले गेलेले आत्मचरित्र म्हणून ‘अरुणोदय’चा मान ठरला आहे. पुन्हा तोच अग्रक्रमाचा प्रश्न! बाबांच्या नशिबी जणू पहिलेपणाचा शिक्का घेऊनच वावरणे होते. त्या शिक्क्याखालचा मजकूर पाहिला तर असे दिसते की, तीस वर्षांपूर्वी कादंबरीत जे साधले नव्हते ते येथे साधले आहे. पुस्तकाचा मुख्य भाग बाप्तिस्म्यापर्यंतचा, म्हणजे पहाटेपर्यंतचा. बालपणचे घर त्यात तिरस्काराने नव्हे, आठवणीच्या ओलाव्याने आले आहे. देवघर, सणवार, व्रतवैकल्ये, गुरुजनांचे स्वभाव, मुंबईतले मित्र, गुप्त सभेचे विधी, यांचे तपशील त्यात भरपूर आहेत. ज्याने हे सारे सोडले त्यानेच ते सर्वांत चांगले जपून ठेवले.

आणि येथे श्रद्धा आघाताआधी तयार होऊन बसलेली नाही. ती शंकांमधून, माघारींमधून, भीतीतून, वडिलांच्या प्रेमाशी झगडत हळूहळू येते. यमुनेला लेखकाने ज्या यातनेतून वाचवले, तिच्यातून तो स्वतः गेला होता. पन्नाशी उलटल्यावर ते मोकळेपणाने सांगण्याचे बळ त्याला आले. तरुणपणी कल्पित पात्राच्या बाबतीतही जे कबूल करता आले नाही ते प्रौढ वयात स्वतःच्या नावाने कबूल केले. ख्रिस्ती साहित्यात आत्मनिवेदनाची, संत ऑगस्टीनपासून चालत आलेली, जी परंपरा आहे तिचे बळ बाबांच्या पाठीशी असणारच. पण विनोदाची एक बारीक छटा आणि घरगुती तपशिलांचा सोस हे मात्र अस्सल मराठी आहेत. १८९० च्या सुमारास या आत्मचरित्राचे इंग्रजी रूपांतर मरे मिचेल यांच्या संपादनाखाली निघाले. मूळ मराठीतली ही छटा परभाषेत कितपत उतरली असेल, याविषयी शंकेला जागा आहे.

तरी एक पोकळी ‘अरुणोदय’मध्येही राहते. धर्मांतर करणाऱ्याची तगमग आपण आतून पाहतो. मागे राहिलेल्यांचे दुःख मात्र त्याच्याच डोळ्यांनी, अंतरावरून. मुलगा गेल्यावर त्या घरात संध्याकाळी दिवा लावताना काय झाले असेल, हे लेखकाला कळण्याचा मार्ग नव्हता. ती बाजू मराठीत आली नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराच्या निमित्ताने. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, हिंदू घरात, मागे राहिल्या. त्या काळात पतीच्या जिवंतपणीच त्यांच्या वाट्याला जे आले ते वैधव्याहून फारसे वेगळे नव्हते. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ते सांगितले, तेव्हा यमुनेची कथा आणि ‘अरुणोदय’ची कथा एकाच बाईच्या आयुष्यात एकत्र आल्यासारखे झाले. त्यांना श्रद्धा सापडली ती जातिभेद मनातून गळून पडल्यावर, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन; कोणी वाद घालून पटवल्याने नव्हे.

बाबा पदमनजींनी दीर्घ आयुष्यात आपल्या नायिकेची पुढची भावंडेही पाहिली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाले. विधवेचे शिक्षण, तिचा स्वाभिमान आणि तिची श्रद्धा यांविषयी महाराष्ट्रात जे वादळ उठले त्यात ‘यमुनापर्यटन’मधले सारे प्रश्न, आता जिवंत स्त्रियांच्या रूपात, परत आले. त्याच सुमारास, १८९० पासून, हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचे नावही यमू. हा नावाचा मेळ हेतुपूर्वक घडवला गेला की सहज, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. पण दोघींना शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. आपट्यांच्या यमूलाही सुशिक्षित, प्रेमळ पती मिळतो. तोही अकाली जातो. आणि शंकरमामंजींच्या घरात तिचे बळजबरीने केशवपन होते. तिला बाबांच्या यमुनेसारखी सुटका नाही. दुसरे घर नाही, दुसरा धर्म नाही, दुसरा विवाह नाही. ती आपली कहाणी लिहून काढते आणि मरून जाते. कलादृष्ट्या आपट्यांची कादंबरी कितीतरी श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. मात्र यमूची जखम भरून येण्याची शक्यताच आपट्यांनी विचारात घेतलेली नाही, आणि बाबांनी ती फार लवकर भरून काढली. या दोन टोकांच्या मधला लांब, संथ, अनिश्चित काळ, ज्यात माणूस अर्धवट बरा होतो, पुन्हा खचतो, पुन्हा उठतो, तो एकोणिसाव्या शतकातल्या या दोन्ही कादंबऱ्यांत नाही. तो शोधायचा तर ‘अरुणोदय’च्या पानांत शोधावा लागतो.

१८९५ मध्ये बाबांनी ‘अनुभवसंग्रह’ प्रसिद्ध केला. वाद मागे पडून आठवणी पुढे याव्यात असे ते वय होते. मरे मिचेल यांच्यासारखे गुरू दूर गेले होते, परमहंस सभेतले बहुतेक सोबती काळाच्या पडद्याआड गेले होते. दादोबा १८८२ मध्येच वारले होते, सभेच्या मर्यादेतून पूर्णपणे बाहेर न पडता. बाबा मात्र लिहीत राहिले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी ‘अरुणोदय’ची दुसरी आवृत्ती निघाली.